कार्यक्रमाची बातमी छापता, मग तालमीची का नाही?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर एक छान लेख आला होता, आणि त्यावर नंतर एका वाचकांचं पत्र छापलं होतंत तुम्ही, की वाजवणारे सगळे शिकलेले असतात, प्रत्येकाच्या समोर नोटेशनचा कागद असतो, मग मधे उभं राहून काडी हलवणारा तो माणूस नक्की करतो तरी काय. मी ते पत्र दोनदा वाचलं. प्रश्न अगदी रास्त आहे, कार्यक्रमाला जाऊन बसलं तर कोणालाही हेच वाटेल, कारण कार्यक्रमात कंडक्टरची पाठ आपल्याकडे असते आणि तो एक शब्द बोलत नाही. त्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं, तालमीत. आणि तालमीत तो जे बोलतो ना, त्याबद्दल मला लिहायचंय.

मी मूळची नाशिकची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोमध्ये राहते. लहानपणी व्हायोलिन शिकले होते, इथे आल्यावर व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुरांचा) हातात घेतला आणि आमच्या गावच्या हौशी ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. इथे अशा कम्युनिटी ऑर्केस्ट्रा गावोगावी असतात. कोणाला पगार नसतो, उलट सीझनची थोडी फी आपणच भरायची, आठवड्यातून एकदा संध्याकाळी हायस्कूलच्या बँडरूममध्ये जमायचं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपणच मांडायच्या आणि जाताना आपणच उचलायच्या. माझ्या शेजारी एकाच स्टँडवर वाजवते ती निवृत्त नर्स आहे, चेलोमध्ये एक प्लंबर, मागे ट्रॉम्बोनवर पोस्टातला माणूस, फ्लूटवर अकरावीतली मुलगी. सगळे दिवसभर काम करून, मुलांना खायला घालून, बर्फातून गाडी चालवत आलेले. अशा थकलेल्या लोकांकडून अडीच तासात सिंफनी, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना, वाजवून घ्यायची म्हणजे काय काम असेल विचार करा.

आमच्या कंडक्टर बाई माध्यमिक शाळेत संगीत शिकवून रिटायर झाल्यात. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आयुष्यभर शिकवल्यामुळे असेल, पण त्या कुठलीही गोष्ट सरळ सांगत नाहीत, उपमा देऊन सांगतात आणि ती उपमा ऐकून अख्खी बँडरूम हसते. आता हे हसणं म्हणजे टाइमपास असं कोणाला वाटेल, पण माझं स्पष्ट मत आहे की तेच खरं शिकवणं आहे, आणि ते कसं चालतं ते जरा खोलात जाऊन सांगते.

सध्या आमच्याकडे चेक संगीतकार द्वोर्झाकची आठवी सिंफनी चालू आहे. (हा द्वोर्झाक स्वतः व्हायोला वाजवायचा, प्रागच्या नाटकगृहाच्या ऑर्केस्ट्रात जवळजवळ दहा वर्षं, म्हणून आम्हा व्हायोलावाल्यांना तो जरा जास्तच जवळचा.) १८८९ मध्ये त्याने ती लिहिली आणि १८९० मध्ये प्रागला पहिल्यांदा स्वतःच कंडक्ट केली. तिच्या दुसऱ्या भागात अगदी हळू, कुजबुजल्यासारखं वाजवायच्या जागा आहेत. हौशी लोकांना हळू वाजवा म्हटलं की काय होतं माहितीये? सगळे घाबरतात. हात सैल पडतो, बो (म्हणजे गज) तारेवर नीट टेकतच नाही, आवाज हळू व्हायच्या ऐवजी फाटका होतो, कोणी आधी कोणी नंतर, आणि लय पण मंदावत जाते. याच्यावर तांत्रिक उपाय आहे, बोचा वेग कमी कर, बोचे केस तारेला चिकटलेले ठेव, बो थोडा कमी वापर, ब्रिजपासूनचं (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) अंतर सांभाळ, आणि हे सगळं चालू असताना डावा हात ढिला सोडू नको. आता हे पाचही एका बारमध्ये (आपल्या आवर्तनासारखा मात्रांचा छोटा गट) लक्षात ठेवून दाखवा.

बाईंनी काय केलं, काडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "गाडीत मागच्या सीटवर बाळ आत्ताच झोपलंय. दोन तास रडून झोपलंय. आता तुम्हाला गाडीचं दार लावायचंय."

बास. एवढंच. आधी सगळे हसले, आई-बाप असलेले जरा जास्तच हसले, आणि मग वाजवलं तर आवाज एकदम बदलला. कारण ते दार लावताना आपण ढिले नसतो हो! उलट दार घट्ट धरलेलं असतं, शेवटच्या इंचापर्यंत सोडत नाही, श्वास रोखलेला असतो आणि ते पूर्ण लागलं पण पाहिजे, अर्धवट राहून चालत नाही. म्हणजे हळू पण पक्कं. पाच सूचना एका दारात बसल्या, आणि हाताला ते आधीपासून माहितीच होतं, नवीन काही शिकवावंच लागलं नाही. माझ्या शेजारच्या नर्सबाईंना मूलबाळ नाही, पण त्या म्हणाल्या मी रात्रपाळीत वॉर्डाची दारं अशीच लावायचे. प्रत्येकाला आपापलं दार सापडलं.

दुसरी एक उपमा मागे बसणाऱ्या ब्रासवाल्यांसाठी, म्हणजे पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांसाठी असते. ट्रॉम्बोनवाले कित्येक बार नुसते मोजत बसलेले असतात आणि मग एकदम आत यायचं असतं, तर दर वेळी उशीर. यात त्यांचा दोष कमी आणि फिजिक्सचा जास्त आहे, आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पुढच्या व्हायोलिनपासून मागच्या रांगेपर्यंत बारा मीटर अंतर असेल तर पस्तीस मिलिसेकंद तिथेच गेले, त्यांनी पुढचं ऐकून वाजवलं आणि त्यांचा आवाज परत पुढे यायला तेवढाच वेळ लागला की प्रेक्षकांना ते मागे पडल्यासारखेच ऐकू येणार. म्हणून त्यांनी ऐकून नाही तर काडी बघून वाजवायचं असतं आणि श्वास आधीच लयीत घ्यायचा असतो. बाई त्यांना म्हणतात, "हायवेला लागताना रॅम्पच्या टोकाला येऊन थांबता का तुम्ही? ट्रक येऊन आदळेल! रॅम्पवरच स्पीड घ्या." आमच्या पोस्टातल्या काकांना हे इतकं पटलं की आता आत यायच्या दोन मात्रा आधी त्यांचे खांदे वर जाताना दिसतात, श्वास घेतात तो बरोब्बर लयीत, आणि एंट्री जागेवर पडते.

या सिंफनीचा तिसरा भाग तीन अष्टमांशातला आहे, वॉल्ट्झसारखा, पण तीन मात्रा वेगवेगळ्या मोजल्या की तो लंगडतो, अख्खा बार एका झोक्यात घ्यावा लागतो. इथे त्या म्हणाल्या की मुलाला बागेत झोपाळ्यावर झोका देताना तुम्ही सारखे ढकलत नाही ना, एकदा ढकलायचं, मग तो वर जातो, थांबतो, परत येतो, आणि तो तुमच्याकडे येत असताना मधेच ढकललं तर मूल पडेल. मी घरी आल्यावर डोळे मिटून तो भाग मनात म्हणून बघितला तर खरंच पहिल्या मात्रेला जोर आणि उरलेला बार हात मोकळा, इतकं सोपं. हीच गोष्ट मला लहानपणी दादऱ्यात कोणी अशी सांगितली असती तर किती बरं झालं असतं असं वाटून गेलं.

बाकी मग चालता चालता टाकलेल्या असतात. क्रेशेंडोची (आवाज हळूहळू वाढवत न्यायची) खूण दिसली की सगळे तिथेच जोरात सुटतात, त्याला त्या काचेच्या बाटलीतलं केचप म्हणतात, ठोकतोय ठोकतोय काही येत नाही आणि मग एकदम अख्खी बाटली ताटात. लय पळायला लागली की म्हणतात बाग दिसल्यावर कुत्रा जसा पट्टा ओढतो तसे तुम्ही मला ओढताय, माझे बूट बघा घासले. हॉर्नवाल्यांना शेवटच्या भागात जोरदार ट्रिल्स (दोन शेजारच्या सुरांची भराभर अदलाबदल) आहेत, ते बिचारे सभ्यपणे वाजवत होते, तर त्यांना म्हणाल्या लग्नात नाचायला उतरलेला मामा व्हा, लोक काय म्हणतील हा विचार त्याने केला असता तर तो उतरलाच नसता.

सगळ्याच लागू पडतात असं नाही हं. एकदा त्यांनी बेसबॉलमधलं काहीतरी सांगितलं आणि अर्धी ऑर्केस्ट्रा ब्लँक, कारण आमच्यात चिनी आहेत, कोरियन आहेत, एक युक्रेनच्या आजी आहेत, मी आहे. श्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' चालू होता, त्यात पहिली मात्रा डबल बासवाले देतात आणि दुसरी-तिसरी आम्ही व्हायोला आणि सेकंड व्हायोलिन, आणि दोघांचं जमत नव्हतं, ते पुढे गेले की आम्ही त्यांच्या मागे धावायचो. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी आम्हालाच विचारलं, की तुमच्याकडे असं काही आहे का ज्यात दोघं उलट्या बाजूला ओढतात आणि तरी सोबत राहतात? मी हात वर करून फुगडी सांगितली. उठून शेजारच्या नर्सबाईंचे हात धरून पाय जुळवून दाखवलीच, दोन गिरक्या. दोघींनी मागे झुकायचं, हात ताणलेले, कोणी सोडलं तरी पडणार आणि कोणी जवळ आलं तरी गिरकी मोडणार. बासवाल्यांना पटकन समजलं. तेव्हापासून बाई काडी वर करून "फुगडी!" असं ओरडतात, उच्चार अगदी बरोबर, आणि इकडच्या गोऱ्या बासवाल्या आजोबांच्या कागदावर रोमन लिपीत पेन्सिलने तो शब्द लिहिलेला मी पाहिलाय. मला त्या दिवशी फार म्हणजे फार आनंद झाला.

हे फक्त हौशी लोकांचं आहे असं समजू नका. याच आठव्या सिंफनीचा शेवटचा भाग ट्रम्पेटच्या ललकारीने सुरू होतो आणि ट्रम्पेट म्हटलं की वाजवणाऱ्यांच्या डोक्यात सैन्य येतं. राफाएल कुबेलिक हे मोठे चेक कंडक्टर, त्यांनी एका तालमीत वाजवणाऱ्यांना सांगितलं होतं की बोहेमियात ट्रम्पेट कधी लढाईला बोलवत नाहीत, नाचायला बोलवतात. हे वाक्य जगभर प्रसिद्ध आहे आणि मला खात्री आहे की दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तालमीत ते बोललं जात असेल, आमच्याकडे तर बोललं गेलंच. तोस्कानिनी या जुन्या इटालियन कंडक्टरबद्दल सांगतात की देबुसी या फ्रेंच संगीतकाराचा एक भाग किती हलका हवा ते सांगायला शब्द सापडेना तर त्यांनी खिशातला रेशमी रुमाल काढून हवेत उडवला आणि तो तरंगत खाली येऊ दिला. आणि कार्लोस क्लायबर हे आणखी एक मोठे कंडक्टर, त्यांनी १९८२ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या तालमीत बेथोव्हेनच्या चौथ्या सिंफनीच्या दुसऱ्या भागातला एक ठेका 'तेरेझे' या नावासारखा वाजवा म्हणून सांगितलं, वाजवणाऱ्यांचा येत राहिला 'मारी' सारखा, तर ते तालीम सोडून निघूनच गेले! इतक्या मोठ्या ऑर्केस्ट्राला सुद्धा ठेका नावातून सांगावा लागतो. आपल्या तबल्याचं बघा ना, आपल्याकडे तर बोल आधी तोंडाने म्हटल्याशिवाय हात लावू देत नाहीत गुरुजी, ढोल-ताशा पथकात नवीन मुलं पण आधी तोंडाने ठेका म्हणूनच शिकतात. म्हणजे तोंडातून हातात उतरवायची ही रीत आपल्याला काही परकी नाही.

याला अभ्यासाचा पण आधार आहे. गॅब्रिएले वुल्फ नावाच्या संशोधक बाई आहेत, हालचाली माणूस कशा शिकतो यावर त्यांचं काम आहे. १९९८ मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रयोगात स्कीइंगसारख्या एका यंत्रावर लोकांना तोल शिकवला, काहींना सांगितलं पायांवर लक्ष द्या, काहींना सांगितलं पायाखालच्या चाकांवर लक्ष द्या. चाकांवर लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. म्हणजे स्वतःच्या अवयवांकडे बघत बसलं की हालचाल अडखळते, बाहेरच्या परिणामाकडे बघितलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. मी हे वाचलं तेव्हा मला लगेच आमचं गाडीचं दार आठवलं.

पण एक गोष्ट इथे ठणकावून सांगायची आहे. तालमीतला सगळाच विनोद चांगला नसतो. जुन्या काळच्या बड्या कंडक्टरांचे, त्यात ते रुमालवाले तोस्कानिनी पण आले, आरडाओरडा करतानाचे किस्से लोक रंगवून सांगतात, त्यांच्या ओरडण्याची रेकॉर्डिंग्ज सुद्धा आहेत, आणि आपल्याकडे पण अमुक गुरुजी कसे अपमान करायचे ते कौतुकाने सांगितलं जातं. मला ते अजिबात कौतुकाचं वाटत नाही. चारचौघात एखाद्याला गाढव म्हणणं ही काही उपमा नाही, त्यातून आवाज कसा हवा हे कळत नाही, फक्त त्या माणसाचा हात पुढच्या वेळी जास्त कापतो. आमच्या बाईंची उपमा आवाजाची असते, माणसाची नसते, आणि कुत्र्याच्या पट्ट्याची जरी असली तरी त्यात ओढल्या जाणाऱ्या त्या स्वतः असतात. म्हणून आमच्याकडे दिवसभराचे थकलेले लोक बर्फ असला तरी येतात. हौशी मंडळात माणूस एकदा दुखावला तर पुढच्या आठवड्यात येतच नाही, त्याला कोण धरून आणणार?

आता ही वाक्यं जातात कुठे तर कागदाच्या कोपऱ्यात. आम्ही पेन्सिलने लिहून ठेवतो. माझ्या व्हायोलाच्या पार्टवर (म्हणजे माझ्या वाद्यापुरत्या नोटेशनच्या कागदावर) मराठीत 'दार', 'झोका' असं लिहिलेलं आहे, शेजारणीने चष्म्याचं चित्र काढलंय म्हणजे इथे मान वर करून कंडक्टरकडे बघा, ही खूण जगात सगळीकडे चालते. आमचे पार्ट दुसऱ्या एका ऑर्केस्ट्राकडून उसने आणलेले आहेत, त्यावर आधीच्या कोणाच्या तरी खुणा पुसट दिसतात, आणि कार्यक्रम झाला की आम्ही सगळे खोडरबर घेऊन बसणार, सगळं पुसून परत द्यायचं असा नियम आहे. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग राहतं, फोटो राहतात, प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत देणगीदारांची नावं पण राहतात. हे एवढंच राहत नाही.

म्हणून संपादक साहेब, तुम्हाला विनंती अशी आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, त्यांच्या कार्यक्रमाची बातमी आणि फोटो पेपरात येतात, उत्तम आहे. पण एकदा तुमचा वार्ताहर, परवानगी घेऊन, त्यांच्या तालमीला पाठवा. फक्त त्यांच्याच नाही. शाळेच्या बँडच्या सरावाला पाठवा, पुण्यातल्या ढोल पथकाच्या सरावाला पाठवा, गावातल्या भजनी मंडळात नवीन मुलाला पखवाज शिकवतात तिथे पाठवा, गोव्यात चर्चच्या क्वायरच्या तालमीला पाठवा, संगीत नाटकाच्या तालमीला पाठवा. तिथे शिकवणारा माणूस नेमकं कोणत्या शब्दात सांगतो ते जसंच्या तसं लिहून आणा. मेहली मेहता यांचं नाव आपल्याला झुबिन मेहतांचे वडील म्हणून माहिती असतं, पण त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभी केली आणि पुढे १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला तरुण मुलांची ऑर्केस्ट्रा काढून तीस वर्षांच्या वर ती चालवली. इतक्या वर्षांत तालमीत त्यांनी त्या मुलांना काय काय म्हणून समजावलं असेल! मला त्यांच्या कार्यक्रमांच्या तारखांपेक्षा ते वाचायला कितीतरी जास्त आवडेल. अशी माणसं आज आपल्याकडे गल्लोगल्ली शिकवतायत, ती आहेत तोवर विचारून घ्या.

आणि ज्या वाचकांनी काडीवाला काय करतो असं विचारलं होतं त्यांना माझा निरोप द्या, की कधी अमेरिकेत लेकीकडे-मुलाकडे आलात तर जवळच्या कम्युनिटी ऑर्केस्ट्राला ईमेल करून तालमीला बसू द्याल का म्हणून विचारा, बहुतेक कोणी नाही म्हणत नाही, कार्यक्रमाला तिकीट असलं तरी तालमीला पैसे पडत नाहीत. फक्त मागच्या रांगेजवळ बसू नका, ट्रॉम्बोन फार जोरात लागतात कानाला.

तुम्ही पुरवणीत यासाठी थोडी जागा काढणार असाल तर आमच्या बाईंची मी उतरवून घेतलेली वाक्यं टाइप करून पाठवते, त्यांना विचारलंय, नाव न छापण्याच्या अटीवर त्या हो म्हणाल्यात. पार्ट परत जायच्या आत बाकीच्या वाजवणाऱ्यांकडूनही गोळा करते, चेलोवाल्यांच्या कागदावर तर बरीच आहेत. कळवा.

आपली नम्र,
एक वाचक
ओहायो, अमेरिका